धागा: ऑटो-स्टार्टरचा ५५५ टायमर उन्हाळ्यात भरकटतो, वॉटर मीटर जास्त पल्स मोजतो (सर्किटसह चर्चा)

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. पाणबुडी मोटर ५ एचपी, डीओएल (मोटर थेट लाईनवर टाकणारा) स्टार्टर, कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल ४१५ व्होल्टची. थ्री फेज लाईन आली की मिनिटभर थांबून मोटर सुरू व्हावी म्हणून एनई५५५ या टायमर आयसीची पट्टी (सर्किट बोर्ड) लावलेली आहे. पिन २ आणि ६ एकत्र, तिथून प्लसला ४७ मायक्रोफॅरड (२५ व्होल्ट इलेक्ट्रोलिटिक) आणि ग्राउंडला १ मेगओहम. पुरवठा ४१५/१२ व्होल्ट ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरड, ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर).

तक्रारी चार:
१. थंडीत ५०-५२ सेकंदांनी रिले ओढतो, वैशाखात सव्वा मिनिट लागतो. कधी कधी ओढतच नाही.
२. कॉन्टॅक्टर बसताना रिले एकदोनदा टकटक करतो.
३. लाईन पाव-अर्धा सेकंद जाऊन आली तर वेळ न धरता मोटर लगेच उठते.
४. ड्रिपच्या हेडरवर रीड स्विचचं (चुंबकाने जुळणाऱ्या बारीक पट्ट्यांच्या स्विचचं) वॉटर मीटर आहे, १० लिटरला १ पल्स. खोलीपासून २०० मीटर. वायर मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपात. मोटर चालू असताना काउंटर दुपटीने पळतो, बंद असताना बरोबर.

टायमर बदलला तर चारही प्रश्न सुटतील का?

सोल्डर_भुसावळ

नाही सुटणार. चारही दुखण्यांचं मूळ वेगळं आहे. टायमरची अख्खी पट्टी बदलून फक्त पहिलं जाईल.

पहिल्याचं गणित बघा. तुमच्या जोडणीत वेळ = १.१ × आर (रेझिस्टर) × सी (कंडेन्सर), म्हणजे १.१ × १ मेग × ४७ मायक्रो = ५१.७ सेकंद. थंडीतला आकडा बरोबर जुळतो. आता इलेक्ट्रोलिटिकची गळती. कॅटलॉगमध्ये नेहमीचा नियम ०.०१ × सी × व्ही, म्हणजे ०.०१ × ४७ × २५ = जवळपास १२ मायक्रोॲम्पिअरपर्यंत गळती कंपनी 'चालेल' म्हणते. तुमच्या नोडला ४ व्होल्टपर्यंत (१२ च्या एक तृतीयांश) खाली यायचं आहे आणि तिथे १ मेगमधून वाहतात फक्त ४ मायक्रोॲम्पिअर. गळती ४ मायक्रोॲम्पिअर झाली की नोड ४ व्होल्टच्या खाली उतरणारच नाही, रिले कधीच ओढणार नाही. नवा कंडेन्सर मर्यादेच्या कितीतरी खाली असतो म्हणून सुरुवातीला चालतं. पत्र्याची पेटी उन्हात, आत साठ अंश, कंडेन्सर ८५ अंशवाला, त्यात दोन उन्हाळे खाल्लेला. गळती वाढते तसा वेळ लांबतो आणि शेवटी थांबतो.

एनई५५५ स्वतः पिन ६ ला ०.१ मायक्रोॲम्पिअरच्या आसपास ओढतो, त्याचा इथे फारसा त्रास नाही. ५५५ च्या जागी सीमॉसचा (अगदी कमी करंट खाणाऱ्या जातीचा) ७५५५ टाकून हे दुखणं जात नाही ते म्हणूनच. दोष कंडेन्सरचा आहे.

धुळेकर_इलेक्ट्रॉनिक्स

+१. मग आर १०० के (किलोओहम) आणि सी ४७० मायक्रो केला तर? वेळ तेवढाच, करंट दहापट.

सोल्डर_भुसावळ

फारसं सुधारणार नाही. सी दहापट केला की मान्य गळतीही दहापट, नियमाने ११७ मायक्रोॲम्पिअर. गुणोत्तर जिथल्या तिथे. मिनिटाच्या वर वेळ हवा असेल आणि जागा उन्हात असेल तर इलेक्ट्रोलिटिकवर वेळ मोजूच नये. छोट्या फिल्म कंडेन्सरवर ऑसिलेटर चालवा आणि भागाकार आयसीकडून करून घ्या. सीडी४०६० (ऑसिलेटर आणि भागाकार एकातच असलेली आयसी) त्यासाठीच आहे.

शिरपूर_वायरमन

४०६० ची जोडणी पिनसकट देतो, आमच्याकडे बऱ्याच पेट्यांत हीच आहे.

पिन १६ प्लस, पिन ८ ग्राउंड, दोन्हींमध्ये आयसीला चिकटून ०.१ मायक्रोचा सिरॅमिक.
पिन ९ ला ०.१ मायक्रो पॉलिएस्टर, १०० व्होल्ट.
पिन १० ला ३३ के, मेटल फिल्म, १ टक्का.
पिन ११ ला ३३० के.
तिघांची दुसरी टोकं एकत्र.

एका ठोक्याचा काळ = २.३ × आर × सी = २.३ × ३३ के × ०.१ मायक्रो = ७.५९ मिलिसेकंद. पिन ३ (क्यू१४) ८१९२ ठोक्यांनी वर जाते, म्हणजे ६२ सेकंद. पिन ३ वरून पिन ११ ला १एन४१४८ डायोड लावा, पट्टा पिन ११ कडे. पिन ३ वर गेली की ऑसिलेटर थांबतो आणि रिले ओढलेलाच राहतो. हा डायोड विसरलात तर ६२ सेकंद चालू, ६२ सेकंद बंद असा खेळ सुरू होईल. मोटरची वाट लागेल.

पिन ६ वर १० के आणि जास्त उजेडाचा एलईडी लावा. साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो, पेटी न उघडता कळतं की मोजणी चालू आहे. इथे २२० ओहम लावू नका, सीमॉसला तेवढा करंट झेपत नाही.

पिन ३ वरून १० के, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्ट ४०० ओहमचा रिले, त्यावर उलटा १एन४००७. ट्रान्झिस्टरऐवजी यूएलएन२००३ (रिले ओढणारी आयसी) वापरत असाल तर पिन ९ रिलेच्या प्लसला जोडलीच पाहिजे. आतले डायोड त्या पिनवरच येतात, आणि निम्म्या पेट्यांत ती पिन हवेत असते!

एका डीपीवर (लाईनच्या ट्रान्सफॉर्मरवर) पाच-सात मोटरी असतील तर प्रत्येकाने आर वेगळा घ्यावा: ३३ के ला ६२ सेकंद, ४७ के ला ८९, ६८ के ला १२८. डीओएलला सुरुवातीचा करंट चालू करंटच्या सहापट धरा. ५ एचपीला साडेसातचे ४५ ॲम्पिअर. लाईन येताच सगळ्या 'ऑटो' एकदम उठल्या की डीपीचे फ्यूज जातात ते यामुळेच. प्रत्यक्ष वेळ घड्याळ लावून बघा, कंडेन्सरच्या टक्केवारीप्रमाणे ५-१० टक्के इकडेतिकडे होतो.

केळीबाग_रावेर

पॉलिएस्टरच का? दुकानात ०.१ चा पिवळसर चकतीवाला सिरॅमिक पटकन मिळतो.

शिरपूर_वायरमन

त्या चकत्या बहुतेक वाय५व्ही किंवा झेड५यू जातीच्या. वाय५व्हीची क्षमता ८५ अंशापर्यंत ८२ टक्क्यांनी उतरू शकते. पेटी तापली की ६२ सेकंदांचे ३० होतील. डीकपलिंगला (पुरवठ्यावरचा नॉइज दाबायला) तो चालतो, वेळ मोजायला नाही. पॉलिएस्टर नसेल तर एक्स७आर घ्या, तो उणे-अधिक १५ टक्क्यांत राहतो.

तापीकाठ

तक्रार ३ कडे येतो, कारण ४०६० लावल्यावर ती उलट वाढेल.

५५५ आणि रिले मिळून तीस-चाळीस मिलिॲम्पिअर खातात, तरीही तुमचा १००० मायक्रो पाव सेकंद तग धरतो. सीमॉसचं खाणं त्यापुढे नगण्य. रिले सुटल्यावर त्याच कंडेन्सरवर ४०६० आणखी बराच वेळ जिवंत राहील. म्हणजे लाईन गेल्याचं त्या आयसीला कळणारच नाही. कॉन्टॅक्टर सुटला, लाईन परत आली, पिन ३ अजून वरच, मोटर लगेच उठली.

म्हणून लाईन आहे की नाही हे फिल्टर कंडेन्सरच्या आधी बघायचं. ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्ट वाइंडिंगच्या एका टोकावरून वेगळा १एन४००७, पुढे २२ के, तिथून ग्राउंडला १ मायक्रो फिल्म आणि त्याच्या समांतर १०० के. त्या नोडवरून १०० के मधून सीडी४०१०६ (सिग्नल उलटा करणारे सहा गेट असलेली आयसी) च्या एका गेटला. गेटचं आउटपुट ४०६० च्या पिन १२ ला (रिसेट, वर गेली की शून्यावर आणते). लाईन आहे तोवर नोड ८ व्होल्टच्या आसपास, रिसेट खाली, मोजणी चालू. लाईन गेली की १ मायक्रो १०० के मधून उतरतो आणि साधारण ०.१ सेकंदात रिसेट वर. तेवढ्या वेळात चार-पाच सायकल जातात, म्हणजे एखाद्या सायकलचा खळगा आला तर टायमर उगाच शून्यावर जात नाही.

४०१०६ चे उरलेले गेट वापरात नसतील तर त्यांची इनपुट ग्राउंड करा. हवेत सोडलेली सीमॉस इनपुट स्वतःच नॉइज तयार करते.

सोल्डर_भुसावळ

उत्तम. एक पुरवणी. ७८१२ काढा, ७८०८ (८ व्होल्टचा) लावा. रात्रीच्या लाईनला ४१५ चे ३०० होतात हे इथे कोणाला सांगायला नको. तेव्हा ब्रिजनंतर उरतात पावणेअकरा व्होल्ट. ७८१२ ला किमान साडेचौदा हवेत, म्हणजे तो रेग्युलेटर राहतच नाही, १०० हर्ट्झचा रिपल जसाच्या तसा पुढे ढकलतो. ७८०८ साडेदहावर तग धरतो. रिले मात्र रेग्युलेटरच्या आधीच्या पुरवठ्यावर घ्या, आणि त्याची ग्राउंड वायर वेगळी थेट १००० मायक्रोच्या मायनसवर आणा. आयसीच्या ग्राउंड ट्रॅकवरून रिलेचा करंट नेला की प्रत्येक खटक्याला आयसीची जमीन हलते.

धुळेकर_इलेक्ट्रॉनिक्स

तक्रार २ वर कोणीच बोललं नाही. टकटक. ५५५ च्या पिन ५ ला ०.०१ मायक्रो लावा, पिन ४ थेट पिन ८ ला जोडा, पिन ८-१ मध्ये ०.१ आणि सोबत ४७ मायक्रो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं डिझाइन आहे ते, आउटपुट पलटताना स्वतःच पुरवठ्यावर झटका मारतं.

शिरपूर_वायरमन

ते करावंच, पण नुसतं तेवढंच करणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. झटका येतो कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून. ४१५ व्होल्टची कॉइल रिलेच्या संपर्काने तोडताना काही हजार व्होल्टपर्यंत उसळी येऊ शकते. रिलेच्या पट्ट्यांमध्ये ठिणगी, ठिणगीचा नॉइज वायरमार्फत आणि हवेतूनही पट्टीवर. तो उगमाशी दाबा.

स्नबर (उसळी शोषणारी जोडी): १०० ओहम २ वॅट आणि ०.१ मायक्रो सीरिजमध्ये, कॉइलच्या दोन टोकांवर. रिलेच्या संपर्कावर नाही. संपर्कावर लावला तर रिले उघडा असतानाही ५० हर्ट्झला ३२ के चा रस्ता मिळतो, ४१५ वर १३ मिलिॲम्पिअर सतत. लहान कॉन्टॅक्टर त्यावर गुणगुणत राहतो, कधी सुटतच नाही.

आता महत्त्वाचं. दुकानदार एक्स२ (लाईनवर लावायची जात), २७५ व्होल्टचा कंडेन्सर हातात ठेवेल. तो २४० च्या कॉइलसाठी. ४१५ च्या कॉइलवर तो फुगतो, पेटतो. तिथे ४४० व्होल्ट एसीचा एक्स१ लागतो. अंगावर '४४० एसी' छापलेलं वाचल्याशिवाय घेऊ नका. '६३० डीसी' हे चालण्याचं कारण नाही, डीसी रेटिंग लाईनवर सतत लटकण्यासाठी दिलेलं नसतं. एमओव्हीचंही (जादा व्होल्टेज गिळणाऱ्या चकतीचंही) तसंच: २४० ला २०डी४३१, ४१५ ला २०डी८२१.

हे सगळं आयसोलेटर पाडून आणि तिन्ही फ्यूज काढून. फेज-फेजमध्ये हात गेला तर नुसता झटका बसून भागत नाही. आणि ज्यांच्याकडे न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगचा सळईवाला न्यूट्रल करून २३० चा ट्रान्सफॉर्मर चालवला जातो, त्यांनी तो आजच काढावा. सळईभोवतालची ओली माती जिवंत होते.

नंदुरबार_ड्रिप

मन्हा प्रश्न येवढाच शे: रीड स्विचची वायर बदलावी लागेल की फिल्टरने भागेल? २०० मीटर खोदकाम कोण करणार?

तापीकाठ

आधी आकडा काढू. एकाच पाइपात शेजारी वायर असेल तर दोन्हींमधली क्षमता मीटरला ५० पिकोफॅरड धरा. २०० मीटरला १० नॅनोफॅरड. फेज ते न्यूट्रल २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ: ०.७५ मिलिॲम्पिअर तुमच्या सिग्नल वायरमध्ये घुसतो. तीन फेज एकमेकांना काही अंशी मारतात, त्यामुळे प्रत्यक्षात कमी, पण वाईटात वाईट धरून चला. पुल-अप (सिग्नल वायर प्लसकडे ओढून धरणारी रेझिस्टर) १० के असेल तर त्यावर साडेसात व्होल्ट एसी. काउंटरला तो स्विचच वाटणार. पुल-अप १ के केला तर पाऊण व्होल्ट. नुसती एक रेझिस्टर बदलून नॉइज दहावा हिस्सा झाला, खोदकाम नाही.

पुढची पायरी ऑप्टो (उजेडाने सिग्नल पोचवणारी आयसी). खोलीच्या बाजूला १२ व्होल्टचा प्लस, १ के (अर्धा वॅट), पीसी८१७ चा एलईडी, मग लाईन रीडकडे आणि परत. रीड बंद झाला की १० मिलिॲम्पिअर. पीसी८१७ च्या एलईडीला समांतर आणखी १ के लावा: १.२ मिलिॲम्पिअरपर्यंतचा घुसखोर करंट त्यातून निघून जातो, एलईडी पेटतच नाही. शिवाय उलटा १एन४१४८. रीडजवळ, म्हणजे मीटरच्या टोकाला, १०० ओहम सीरिजमध्ये. २०० मीटर वायर स्वतःच एक कंडेन्सर असते, रीड बंद होताना तो सगळा चार्ज रीडच्या पट्ट्यांवर रिकामा होतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पट्ट्या चिकटतात. 'मीटर खराब निघालं' म्हणून बदललेल्या बऱ्याच मीटरांचं कारण हेच असतं.

ऑप्टोच्या आउटपुटवर १० के पुल-अप (८ व्होल्टला), मग ४७ के आणि १ मायक्रोचा आरसी फिल्टर, मग ४०१०६ चा गेट.

धुळेकर_इलेक्ट्रॉनिक्स

४७ के कशाला? रीडचा बाउन्स (जुळताना पट्ट्यांची थरथर) एखाद मिलिसेकंदाचा. १० के आणि १ मायक्रो, १० मिलिसेकंद, पुरे.

तापीकाठ

बाउन्सला पुरे, ५० हर्ट्झला नाही. १० के × १ मायक्रोचा कटऑफ (ज्याच्या वर फिल्टर सिग्नल दाबू लागतो) १५.९ हर्ट्झ. त्यातून ५० हर्ट्झचे ३० टक्के पार होतात. ४७ के घेतलं तर कटऑफ ३.४ हर्ट्झ आणि ५० हर्ट्झचे फक्त ७ टक्के उरतात. ८ व्होल्टवर ४०१०६ चा वरचा उंबरठा साधारण ४.७ आणि खालचा ३.१, म्हणजे दीड व्होल्टच्या आसपास अंतर. उरलेला रिपल त्यात आरामात बुडतो. हे आकडे नगागणिक हलतात, म्हणून काठावरचं डिझाइन नको.

पण फिल्टर फुकट मिळत नाही. या आरसीला गेट पलटवायला ४५-५० मिलिसेकंद लागतात. तुमच्या मीटरला अडचण नाही: तासाला २० घनमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच लिटर, १० लिटरला पल्स म्हणजे पावणेदोन सेकंदांनी एक. मात्र १ लिटरला पल्स देणारं मीटर असेल तर पल्स १८० मिलिसेकंदांनी येतील, त्यात रीड बंद राहतो साठेक मिलिसेकंद. तिथे हाच फिल्टर खरे पल्सच गिळू लागेल आणि काउंटर कमी दाखवेल. त्या मीटरला १५ के ठेवा आणि वायर वेगळ्या पाइपातून न्या, दुसरा इलाज नाही.

आयटी_नोकर_पुणे (मूळ चाळीसगाव)

एवढा उपद्व्याप कशाला? शंभर-दोनशेचा मायक्रोकंट्रोलर घ्या. वेळही तोच मोजेल, डिबाउन्सही सॉफ्टवेअरमध्ये. दर ५ मिलिसेकंदांनी इनपुट वाचा, सलग १० वेळा सारखं आलं तरच खरं माना.

सोल्डर_भुसावळ

कल्पना बरोबर आहे, पण एक खोच: ५ मिलिसेकंदांनी दहा वाचनं म्हणजे ५० मिलिसेकंद, तिथे तुम्हीही ४७ के च्या आरसीइतकेच मंद झालात. आणि वाचनाचा काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवलात तर ५० हर्ट्झ प्रत्येक वेळी त्याच जागी सापडेल, स्थिर सिग्नलच वाटेल. ५ ठेवलंत ते ठीक.

पण कंट्रोलर लावला म्हणून स्नबर, ऑप्टो, ७८०८ यातलं काहीच सुटत नाही. उलट भर पडते: वॉचडॉग (हँग झाला की रिसेट) चालू हवा, ब्राउनआउट रिसेट (व्होल्टेज पडलं की रिसेट) चालू हवा, रिसेट पिनला १० के पुल-अप आणि ०.१ मायक्रो हवा, आणि रिसेट झाल्यावर आउटपुट पिन काही क्षण तरंगते म्हणून बीसी५४७ च्या बेसला ग्राउंडकडे १० के हवा. नाहीतर दर झटक्याला रिले फडफडेल. शेतातल्या पेटीत ४०६० चा मोठा गुण हा की तो हँग होत नाही, आणि गेला तर जळगावात कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळतो, प्रोग्रॅम भरायला कोणाच्या दारात जावं लागत नाही.

आयटी_नोकर_पुणे

मान्य. मोबाइलवर संदेश हवा असेल तरच कंट्रोलर.

चोपडा_७५एचपी

आमच्याकडे स्टार-डेल्टा (आधी स्टार जोडणीत कमी करंटवर उठवून मग डेल्टावर नेणारा स्टार्टर) आहे. बदलाचा वेळ पण ४०६० वर घेता येईल का?

शिरपूर_वायरमन

स्टारचा वेळ, म्हणजे ६-१० सेकंद, घेता येईल; वरच्या सर्किटात ४.७ के घातला की ९ सेकंद. पण स्टार सुटून डेल्टा बसेपर्यंतची ५०-१०० मिलिसेकंदांची फट आरसीच्या भरवशावर सोडू नका. स्टार कॉन्टॅक्टरचा एनसी (एरवी जोडलेला) संपर्क डेल्टाच्या कॉइलच्या वाटेत असलाच पाहिजे, आणि उलटही. टायमर चुकला तरी दोन्ही एकदम बसता कामा नयेत. बसले तर थेट शॉर्ट.

आणि सगळ्यांसाठी: हा टायमर सिंगल फेज प्रिव्हेंटरची (एखादा फेज गेला की मोटर तोडणाऱ्याची) जागा घेत नाही. रिलेचा संपर्क प्रिव्हेंटरच्या संपर्कासोबत सीरिजमध्येच राहू द्या. आपलं सर्किट दोनच फेज बघतं, तिसरा गेलेला त्याला कळत नाही.

केळीबाग_रावेर

भाऊ, आते समजनं. मग क्रम असा धरतो: आधी कॉइलवर स्नबर, मग पुल-अप आणि ऑप्टो, शेवटी ४०६० ची नवी पट्टी. स्नबर लावल्यावर फरक पडला की नाही हे ऑसिलोस्कोपशिवाय कसं ओळखायचं?

तापीकाठ

क्रम बरोबर. तपासायला खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ पुरे. एएम पट्ट्यावर दोन स्टेशनांच्या मध्ये लावा, पेटीपासून हातभर अंतरावर धरा आणि दुसऱ्याला कॉन्टॅक्टर चालू-बंद करायला सांगा. स्नबरशिवाय बंद करताना मोठा 'खर्र' येतो, लावल्यावर बारीक टिक. चालू होताना थोडा आवाज दोन्ही वेळा येईल, तो मुख्य संपर्कांचा, त्याकडे लक्ष देऊ नका. ऑसिलोस्कोप मिळालाच तरी त्याची ग्राउंड क्लिप कॉइलच्या टोकाला लावू नका, क्लिप अर्थला जोडलेली असते आणि ते टोक फेजवर असतं.

केळीबाग_रावेर

४४० चा एक्स१ तालुक्याला मिळाला नाही, २७५ चे दोन सीरिजमध्ये चालतील?

शिरपूर_वायरमन

चालतील, पण दोन्ही ०.२२ मायक्रोचे, एकाच कंपनीचे घ्या आणि प्रत्येकावर समांतर ४७० के अर्धा वॅटच्या दोन-दोन रेझिस्टर सीरिजमध्ये. व्होल्टेज सारखं वाटलं जातं, आणि लाईन काढल्यावर कंडेन्सरमध्ये चार्ज अडकून राहत नाही. सीरिजमधला जोड ०.११ होतो, स्नबरला बरोबर. १०० ओहम आहे तोच.